वाचकांचे प्रश्न : जुनी पिकअप का अडते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत जुन्या पेट्रोल पिकअपच्या मालकांची पत्रे इतकी आहेत, की संपूर्ण सदर त्यांनाच देणे योग्य वाटले. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे : बॅटरी, कॉइल, कार्ब्युरेटर किंवा पंप यांपैकी काहीतरी आधीच बदलून झाले आहे आणि तक्रार मात्र होती तशीच आहे. त्यामुळे खालील उत्तरांत काय बदलावे यापेक्षा काय मोजावे यालाच अधिक जागा दिली आहे.

प्रश्न (कराड) : आमच्याकडे वडिलांच्या काळातली महिंद्राची विलीज पेट्रोल जीप आहे. तिच्यावर तेव्हाच पिकअपचा हौदा आणि फाळका बसवून घेतला होता. इंजिन हरिकेन, वायरिंग सहा व्होल्टचे. गेल्या वर्षी चेसिस उघडी करून रंगवली, नवी बॅटरी आणि नव्या केबल टाकल्या, सेल्फचे आर्मेचर भरून घेतले. तरीही सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो आणि इंजिन गरम असले की फिरतच नाही. हँडल मारले तर मात्र गाडी लगेच सुरू होते. हेडलाइटही पिवळे पडतात. मेकॅनिक बारा व्होल्ट करून घ्या म्हणतात. करावे का?

उत्तर : हँडल मारताच इंजिन सुरू होते, याचा अर्थ पेट्रोल, स्पार्क आणि कॉम्प्रेशन यांबद्दल सध्या शंका घेण्याचे कारण नाही. दोष बॅटरी आणि सेल्फ यांच्यामधल्या वाटेत आहे, आणि आपल्या पत्रात मला सर्वांत बोलके वाटले ते ‘चेसिस रंगवली’ हे वाक्य. सेल्फकडे जाणारा प्रवाह जाड केबलमधून जातो. पण परत येताना तो इंजिनाच्या ब्लॉकमधून, अर्थच्या पट्टीतून आणि चेसिसमधून बॅटरीकडे येतो. अर्थची पट्टी रंगावर कसली असेल, तर हा सगळा प्रवाह बोल्टच्या दोन-तीन आट्यांवरून जातो.

सहा व्होल्टच्या गाडीत याची शिक्षा किती मोठी असते, ते आकड्यांत पाहावे. इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर घेतो असे धरू. वाटेत कोठेतरी केवळ ०.००५ ओहम रोध असला, तरी तेथे १ व्होल्ट खर्च होतो, म्हणजे बॅटरीचा सहावा हिस्सा सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. बारा व्होल्टच्या गाडीत तेवढेच काम करण्यासाठी निम्मा प्रवाह लागतो. तेथे तोच रोध अर्धा व्होल्ट खातो, म्हणजे चोविसावा हिस्सा. सांधे तितकेच खराब असूनही बारा व्होल्टची गाडी खपवून घेते आणि सहाची घेत नाही, त्याचे कारण एवढेच आहे. बारा व्होल्ट करून घेणाऱ्याला जी सुधारणा दिसते, तिच्यातला बराचसा भाग त्या निमित्ताने घासूनपुसून कसलेल्या जोडांचा असतो, असे माझे मत आहे.

मोजणी पुढीलप्रमाणे करावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या मधली वायर काढून ब्लॉकला टेकवून ठेवावी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून त्याचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खुंटावरच, आणि दुसरे टोक ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरावे, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. तो ०.७ किंवा १ दिसला, तर चोर सापडला. मग मीटरचे टोक खुंटावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून चेसिसवर असे एकेक पायरी सरकवत नेले, की कोणत्या सांध्यात व्होल्ट अडकतात ते कळते. पॉझिटिव्ह बाजूलाही बॅटरीचा खुंट ते सेल्फचा बोल्ट अशी हीच तपासणी करावी. शेवटी सेल्फ फिरत असताना खुद्द बॅटरीच्या दोन खुंटांमध्ये किती व्होल्ट राहतात ते पाहावे; साडेचारच्या खाली गेले तरच बॅटरीवर संशय घ्यावा.

केबलची जाडीही तपासावी. दुकानात ‘जीपची केबल’ म्हणून मिळते ती सहसा बारा व्होल्टसाठी असते. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन मीटर केबलीत २०० अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट जातात. ७० चौरस मिलिमीटरच्या केबलीत ०.१ सुद्धा जेमतेम. वेल्डिंगची ५० किंवा ७० चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी, तिला दाबून बसवलेले तांब्याचे लग लावावेत, अर्थच्या जागी रंग खरवडून लोखंड चकचकीत करावे आणि बोल्ट कसल्यानंतर वरून ग्रीस लावावे. बॅटरीपासून थेट गिअरबॉक्सच्या किंवा सेल्फच्या बोल्टापर्यंत दुसरी अर्थ केबल टाकली तर चेसिसच्या रंगाचा प्रश्नच उरत नाही.

गरम इंजिनावर तक्रार वाढते, यातही नवल नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेल्या सेल्फच्या वळणांत तो जवळजवळ पाव पटीने वाढलेला असतो. सकाळी काठावर असलेली व्यवस्था दुपारी त्यामुळेच हार खाते. केबल आणि अर्थ नीट करूनही हा दोष राहिला, तर सेल्फचे बुश झिजून आर्मेचर घासत नाही ना, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, फार पुढे नाही ना, हे पाहावे. या इंजिनाला मृतबिंदूच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या, ५ अंश आधी ठिणगी अपेक्षित आहे.

हेडलाइटचे निदान वेगळे नाही. व्होल्ट १० टक्क्यांनी उतरले तर बल्बचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. हेडलाइटच्या वाटीची अर्थ मडगार्डमधून न घेता वेगळ्या वायरीने चेसिसला न्यावी. एवढे सगळे करून, मोजून, मगच बारा व्होल्टचा विचार करावा. बहुधा करावा लागणार नाही.

प्रश्न (नाशिक) : अशीच जीप-पिकअप मी बारा व्होल्ट करून घेतली. तेव्हापासून पॉइंट वरचेवर जळतात. अर्धा-पाऊण तास चालल्यावर इंजिन मिस मारते आणि बंद पडते. थंड झाले की पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, पेट्रोल पंपाचे किट टाकले. उपयोग नाही.

उत्तर : प्लगसाठी उच्च व्होल्ट तयार करणाऱ्या कॉइलला हात लावून पाहावे, तो टेकवत नसेल, तर बहुधा सहा व्होल्टचीच कॉइल गाडीत राहिली आहे. अशा कॉइलचा प्रायमरी रोध दीड ओहमच्या आसपास असतो. सहा व्होल्टवर तिच्यातून आणि म्हणून पॉइंटमधून, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांतून, सुमारे ४ अँपिअर जातात, आणि पॉइंट तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. चार्जिंग चालू असताना १४ व्होल्ट मिळू लागले, की तोच आकडा ९ च्या पुढे जातो. पॉइंट जळतात, कॉइल तापते, आतले इन्सुलेशन गरम असताना दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाणे होते. आपण लिहिलेली लक्षणे याच क्रमाने आली आहेत.

इंजिन थंड असताना कॉइलच्या दोन्ही छोट्या वायरी काढून ओहममीटरने तिचे माप घ्यावे. सुमारे ३ ओहमची, बाहेरील रोधाशिवाय चालणारी बारा व्होल्टची कॉइल बसवली की काम होते. किंवा दीड ओहमचीच कॉइल ठेवून तिच्या आधी प्रवाह कमी करणारा तेवढाच बॅलास्ट रोध जोडावा. दोन्ही एकदम करू नये, कारण मग ठिणगी इतकी दुबळी होते की पावसाळ्यात गाडी सुरू होणार नाही. कॉइलची दिशाही पाहावी : निगेटिव्ह अर्थ असलेल्या गाडीत कॉइलच्या निगेटिव्ह टोकाची वायर डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. ती उलटी लागली तरी गाडी चालते, पण प्लगला ठिणगीसाठी अधिक व्होल्ट लागतात आणि चढावर मिस मारते.

कॉइलबरोबर पॉइंटवरची ठिणगी शमवणारा कंडेन्सरही बदलावा, मात्र जुना चांगला निघाला तर तो टाकून न देता जपून ठेवावा. अलीकडे बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरांपैकी काही डब्यातून काढतानाच मेलेले असतात. मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड मोजण्याची सोय असेल, तर ०.२ ते ०.२५ च्या आसपास आकडा दिसायला हवा. संध्याकाळी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून पॉइंट हाताने उघडझाप केले आणि निळी, जाड ठिणगी दिसली, तर कंडेन्सर काम करत नाही असे समजावे.

नवे पॉइंट बसवताना त्यांची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना ०.०२० इंचाचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचे, फिलर गेज अडखळत जावे. जळक्या पॉइंटवर ही मोजणी निरर्थक असते, कारण एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झालेला असतो व गेज त्या उंचवट्याचे माप सांगते. पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंगही सरकते. म्हणून आधी अंतर, मग टायमिंग, याच क्रमाने जावे. प्लगचे अंतर ०.०३० इंच ठेवावे. झाकणावरच्या वायरी काढल्या असतील, तर रोटर कोणत्या दिशेने फिरतो हे हँडल मारून प्रत्यक्ष पाहूनच १-३-४-२ हा क्रम लावावा.

कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी ठिणगी तपासण्याची सवय लावून घ्यावी, असे सर्वच वाचकांना सुचवतो. गाडी बंद पडल्या क्षणी, ती थंड होण्याआधी, दोन गोष्टी पाहता येतात. एअर क्लीनरची नळी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावत अॅक्सिलरेटर ओढावा : पेट्रोलची बारीक धार आली तर पेट्रोल आहे. नळी परत लावून झाकावी, सांडलेले पेट्रोल वाळू द्यावे आणि मगच कॉइलची जाड वायर ब्लॉकपासून पाव इंचावर, इन्सुलेटेड पकडीने धरून, सेल्फ मारायला सांगावे : निळी ठिणगी तडतडत उडी मारते की नाही ते दिसेल. एवढ्यात निम्मी गाडी निर्दोष ठरते.

प्रश्न (सावंतवाडी) : मे महिन्यात आंबोलीचा घाट चढताना आमची जुनी जीप-पिकअप हमखास बंद पडते. पंपावर ओले फडके टाकले की चालू होते. आता तर ऑइलच्या काडीलाही पेट्रोलचा वास येतो आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. नव्या पेट्रोलमुळे असे होते का?

उत्तर : आधी तातडीचे सांगतो : पातळी वाढली असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नये. यांत्रिक पंपाचा, ज्याला आपल्याकडे एसी पंप म्हणतात त्याचा, पडदा फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या तळभागात, उतरते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगला पुरत नाही आणि क्रँककेसमध्ये साठलेली वाफ पेट घेऊ शकते. पंपाचा पडदा बदलून, ऑइल पूर्ण काढून नवे भरूनच गाडी सुरू करावी. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई गळत असेल तरीही पेट्रोल खाली उतरू शकते, म्हणून तीही पाहावी.

आता पेट्रोलबद्दल. देशभर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि १९५०-६० च्या दशकांतल्या पंपाचे पडदे, रबरी नळ्या व बुचाच्या पॅकिंगा त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. जुने रबर त्यात फुगते किंवा कडक होऊन चिरते. पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, वायटॉनसारख्या रबराच्याच घ्याव्यात. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवते. त्यामुळे सुरुवातीच्या काही टाक्यांत फिल्टर भराभर तुंबतो, याची तयारी ठेवावी. ते पाणीही ओढून घेते, म्हणून पावसाळाभर उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर सोडू नये. एकतर टाकी रिकामी करावी किंवा काठोकाठ भरावी.

ओल्या फडक्याने गाडी सुरू होते, यावरून पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होत आहे हे जवळजवळ निश्चित होते. नळी कोठे सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली आहे का ते पाहून ती दूर न्यावी, आणि पंप व एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा लावावा. आजचा उपाय म्हणून इलेक्ट्रिक पंप सर्रास सुचवला जातो. तो चालतो, पण मूळ पंपाचा दाब चौरस इंचाला अडीच ते पावणेचार पाउंड इतकाच असतो; त्याहून जास्त दाबाचा पंप लावला तर सुई उचलली जाऊन कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. तेव्हा कमी दाबाचाच पंप घ्यावा आणि तो टाकीजवळ बसवावा.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडे सौम्य, म्हणजे इंधन कमी असलेले, होते. अर्ध्या रेसवर गाडी हिंदकळत असेल किंवा कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज येत असेल, तर मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे मुख्य छिद्र, एक पायरी मोठा करून पाहावा. शिशाबद्दलही काही वाचक विचारतात. फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे सर्वत्र शिसेविरहित पेट्रोलच मिळते. सौम्य वापरात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका लगेच झिजत नाहीत, पण एक्झॉस्टचे टॅपेट अंतर वारंवार कमी होत असेल तर ते त्या झिजेचेच लक्षण आहे, आणि पुढचे हेडचे काम निघेल तेव्हा कठीण बैठका बसवून घ्याव्यात. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे हे काम ब्लॉकवर करावे लागते, हे आधीच लक्षात घ्यावे.

प्रश्न (मिशिगन, अमेरिका) : येथे मी १९५१ ची शेव्हर्ले ३१०० पिकअप घेतली आहे. सर्व वायरिंग नवे केले. आता अॅमीटर चार्जिंग दाखवतच नाही. शिवाय गरम इंजिनाला न्यूट्रलमध्ये ऑइलचा काटा जेमतेम ५ पाउंडांवर असतो. इंजिन खोलावे लागेल का?

उत्तर : इंजिन खोलू नये. आपल्या गाडीतले २१६ घनइंचाचे सहा सिलिंडरी इंजिन कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना दाबाने ऑइल पुरवत नाही. ऑइलपॅनमधल्या फवाऱ्यांतून आणि पन्हळींतून रॉडच्या टोकाला असलेले छोटे डाव ते उचलतात. त्यामुळे मूळ गेजच मुळी ३० पाउंडांपर्यंत असतो, आणि गरम इंजिनाला न्यूट्रलमध्ये ४-५ पाउंड ही नेहमीची गोष्ट आहे. मात्र याच रचनेमुळे आणि बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंगमुळे हे इंजिन महामार्गावर तासन्‌तास पळवण्यासाठी नाही. ताशी ४५-५० मैलांवर समाधान मानावे.

चार्जिंगबाबत : वायरिंग करताना डायनामोची चुंबकीय दिशा हरवली असण्याची शक्यता आहे. डेल्को-रेमीच्या या डायनामोला इंजिन बंद असताना, रेग्युलेटरवरील ‘बॅट’ आणि ‘जेन’ या दोन टोकांना वायरीने क्षणभर स्पर्श केला की ती परत मिळते. क्षणभर म्हणजे ठिणगी दिसेपर्यंतच. हीच कृती त्या काळच्या फोर्डवर करू नये : १९५५ पर्यंतच्या फोर्ड पिकअप सहा व्होल्टच्या पण पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि त्यांच्या डायनामोची आतली जोडणीही वेगळी आहे, तेथे रेग्युलेटरचे पॉइंट चिकटून जळतात. यानेही काही झाले नाही, तर पट्टा काढून, रेग्युलेटरच्या वायरी सोडवून, डायनामोचे ‘फील्ड’ टोक अर्थला आणि मोठे टोक बॅटरीला जोडून पाहावे. तो मोटरसारखा संथ फिरला तर डायनामो शाबूत आहे आणि शोध रेग्युलेटरकडे वळवावा. मध्यम रेसवर बॅटरीला ७.२ ते ७.४ व्होल्ट मिळायला हवेत. न्यूट्रलमध्ये काटा किंचित उणेकडे जाणे हा डायनामोचा स्वभाव आहे, त्यासाठी दुरुस्ती नको.

प्रश्न (महाबळेश्वर) : व्हॅक्युम गेजवर आमच्या जीपचे इंजिन १५ इंच दाखवते, पुस्तकात १८ ते २० लिहिले आहे. व्हॅक्युमवर चालणारा वायपर चढावर थांबतो. न्यूट्रलमध्ये निळसर धूर येतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

उत्तर : दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करावा. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास असल्याने काटा स्थिर असेल तर १५ हा चांगला आकडा आहे. वायपरचे आणि धुराचे कारण बहुधा एकच आहे. अशा गाड्यांच्या पेट्रोल पंपात वायपरला मदत करणारा दुसरा पडदा असतो, कारण चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा व्हॅक्युम उतरतो. तो पडदा फाटला की वायपर अडतोच, शिवाय क्रँककेसमधली ऑइलची वाफ त्यातून थेट इनटेकमध्ये ओढली जाते. पंपाकडून मॅनिफोल्डला जाणारी नळी काढून मॅनिफोल्डचे भोक बंद करावे. धूर थांबला तर रिंगांचा खर्च वाचला. थांबला नाही तर कॉम्प्रेशन मोजावे : चारही सिलिंडर शंभर पाउंडांच्या वर आणि एकमेकांत दहा पाउंडांच्या फरकात हवेत.

प्रश्न (अकोला) : आमच्या जुन्या पिकअपमध्ये फ्यूज जवळजवळ नाहीतच आणि वायरींवर कापडी वेष्टण आहे. आगीची भीती वाटते.

उत्तर : भीती योग्य आहे. कापडी वेष्टण वाकवल्यावर तडकत असेल, तर ती वायर बदलावीच. सेल्फची जाड केबल सोडून बॅटरीकडून निघणारी प्रत्येक वाट बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूजमधून न्यावी. डॅशबोर्डखाली लावलेला फ्यूज त्याच्या आधीच्या वायरीचे रक्षण करत नाही. ४५ वॅटचे दोन हेडलाइट सहा व्होल्टवर १५ अँपिअर घेतात, बारावर साडेसात. त्यामुळे बारा व्होल्टच्या गाडीतले फ्यूज सहाच्या गाडीत तसेच वापरले तर ते उगाच उडतात, आणि मग कोणीतरी तेथे तार गुंडाळतो. बॅटरीच्या अर्थ केबलवर मुख्य स्विच बसवावा, तो सेल्फचा प्रवाह झेलणारा जाड तांब्याचा घ्यावा, आणि गाडी उभी करून ठेवताना तो बंद करावा.